जागा आपलीच आहे

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोन करून उपयोग नाही हे तुलाही माहीत आहे. मागच्या वेळी मी तुझ्या कानाच्या मशीनबद्दल विचारलं आणि तू मला शिवणाच्या मशीनला तेल कुठून घालायचं ते सांगत बसलीस. तुझी वहिनी शेजारी उभी राहून हसत होती. तेव्हा पत्रच बरं.

आपला भाग आता तुला ओळखू यायचा नाही. बसथांब्याचं नाव अजून गवतरान आहे, पण गवत बघायचं असेल तर बँकेच्या दारातल्या कुंडीत बघावं लागतं. बाबा जिथे गवताच्या गंजी रचायचे तिथे दातांचा दवाखाना झालाय आणि विहीर होती तिथे शाळेच्या बसगाड्या उभ्या राहतात. नव्या इमारतीत पाण्याच्या पाइपांचं काम निघालं की नळवाला मला शोधत येतो, जुना ओढा कुठून वाहायचा ते विचारायला. नवं दुकान निघालं की फीत कापायला मीच. इतक्या फिती कापल्या की तुझी वहिनी म्हणते, खिशात कात्री घालूनच फिरत जा. विकून विकून हातात काय उरलंय ते आपल्यालाच माहीत, पण रस्त्याने निघालो की अजून सगळे मालक म्हणूनच हाक मारतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

आज मात्र लिहायला बसलोय ते एका गोष्टीची लाज वाटतेय म्हणून. आणि लाज वाटावी असं मी काही केलेलं नाही, हेही सांगायचं आहे. दोन्ही एकाच पत्रात कसं बसवायचं ते कळत नाही, तर घडलं तसं लिहितो.

डेपोमागची कोपऱ्यातली आपली जागा तुला आठवत असेल. बाबांच्या रानातला तेवढाच तुकडा राहिला आहे, तुझ्या-माझ्या दोघांच्या नावावर. तिथे एक बाई बायकांना स्कूटर शिकवतात. सगळा भाग त्यांना गाडीवाल्या बाई म्हणतो. बरीच वर्षं झाली, त्या मला विचारायला आल्या होत्या. तेव्हा तिथे नुसता राडारोडा पडलेला. माझ्याकडे चार लोक बसलेले, मी ऐटीत सांगून टाकलं की जागा आपलीच आहे, खुशाल शिकवा. त्या भाड्याचं विचारत होत्या, मी हातानेच ते उडवून लावलं. मग बाईंनी विटांचे तुकडे वेचले, जमीन सपाट केली, कडेने बदामाची झाडं लावली आणि मध्ये चुन्याने भला मोठा इंग्रजी आठाचा आकडा काढला. लायसनच्या परीक्षेत पाय न टेकता तसा आठ काढून दाखवावा लागतो. या भागातल्या निम्म्या बायका त्या आठावर पडत-धडपडत शिकल्या. तुझी वहिनीसुद्धा.

आता एका बिल्डरला ती जागा हवी आहे. सोमवारी त्याला दाखवायला घेऊन गेलो तर शिकवणी चालू होती. मी बाईंना सांगितलं की जागा मोकळी करावी लागेल. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की जागा आपलीच आहे, मालक. ताई, माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बिल्डर शेजारी उभा, तो गालातल्या गालात हसला आणि म्हणाला की एकदा रुजू दिलं की असंच होतं. मग मला भान राहिलं नाही. फुकट वापरता वापरता मालकीण झालात काय, ही तुमची आपली कधीपासून झाली, असं सगळ्या शिकणाऱ्या बायकांसमोर मी त्यांना नको नको ते बोललो. एकजण आठावर गाडी चालवत होती, तिने घाबरून पाय टेकला. दुपारी मी फाटकाला कुलूप घातलं, खाजगी मालकीची पाटी लावली आणि पोलीस चौकीत तोंडी सांगूनही आलो. बाईंची शिकवायची स्कूटर आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका फाटकाबाहेर उभ्या होत्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि गेल्या. तेव्हापासून आत काहीतरी डाचतंय. पण तूच सांग, आपल्या जागेला दुसऱ्याने आपली म्हणायचं आणि आपण ऐकून घ्यायचं?

बिल्डरला एकाच मालकाशी व्यवहार हवा आहे. त्यासाठी तू तुझा हक्क सोडलास अशी सही लागेल. नुसती सोय म्हणून. तुझं काय ते मी बघेनच, जागा आपलीच आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो काही मागावा लागत नाही.

तुझा,
चिमण


२० जानेवारी

चि. चिमणास,
अनेक आशीर्वाद.

साठी उलटलेल्या माणसाला चिमण म्हणते म्हणून वहिनी हसत असतील तर हसू देत. तिकडे तू साऱ्या भागाचा मालक असशील. माझ्या डोळ्यांसमोर अजून चड्डी सावरत गवताच्या गंजीवर चढणारा आणि उतरता येईना म्हणून भोकाड पसरणारा मुलगाच येतो.

आमचं बरं आहे. तुझे भाऊजी रोज सकाळी मला पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. मला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत आहे, पण त्यांची करमणूक होते. मी मधून मधून मान डोलावते. परवा कुणाच्या तरी मरणाच्या बातमीला मी हसून मान डोलावली, तेव्हापासून वाचन बंद आहे. मुलगा आणि सून चांगले वागतात. माझी शिवणाची मशीन त्यांनी गॅलरीत नेऊन ठेवली, खोलीत अडचण होते म्हणून. असो.

तुझं पत्र वाचलं आणि पुन्हा वाचलं. कानांनी दगा दिल्यापासून मला एक सवय लागली आहे. माणूस काय बोलतो यापेक्षा बोलताना त्याचा चेहरा कसा होतो आणि हात कुठे असतात ते मी बघते. बरंच कळतं त्यातून, कधी कधी नको तेवढंही. तर मला सांग, बाई जागा आपलीच आहे म्हणाल्या तेव्हा त्यांचा हात कुणाकडे होता? स्वतःकडे की तुझ्याकडे?

विचारते अशासाठी की हा शब्द मोठा लबाड आहे. तू आणि मी मिळून जी, ती आपली. आणि समोरच्याला मान देऊन बोललं की तुमची जी, तीही आपलीच. त्या बाई तुला अरे-तुरे करतात का? नाही ना? मग त्यांची आपली कुठली, ते तू विचारलंस का? की बिल्डर हसला एवढंच तुला दिसलं?

आपल्या घरात हा शब्द बाबांनी आणला. आलेला माणूस कुणी का असेना, घर आपलंच आहे, बसा, म्हणायचे. आणि तो खरोखरच जेवणाच्या वेळेपर्यंत बसला की हळूच आईकडे बघायचे. तू तेच उचललंस. फरक एवढाच की बाबांनी कुणाला बसवून घेऊन नंतर दाराला कुलूप लावलं नाही.

सहीचं मागाहून बघू. आधी त्या बाईंची गाडी बाहेर काढून दे. कुणाच्या पोटावर पाय देणं तुला शोभत नाही.

वहिनींना सांग, गुडघ्याला शेक घेत जा. माझी माया तुझ्यावर आहे तेवढी आहे. ती पातळ होईल असं काही करू नकोस.

तुझी,
ताई


२८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात माझ्याकडे होता.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. वाचल्यावर घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. बाईंनी हेल्मेट काढून काखेत धरलं होतं आणि दुसरा हात माझ्यापुढे केला होता, तळहात वर करून. हातात जुन्या कुलपाची किल्ली होती. ताई, त्या किल्ली देत होत्या. जागा तुमचीच आहे, ही घ्या, असं म्हणत होत्या. आणि मी त्यांना चोर ठरवून बाजारातून नवं कुलूप आणलं.

तुझ्या वहिनीला पत्र दाखवलं. ती एवढंच म्हणाली की हे कळायला ताईंचं पत्र यावं लागलं का, तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला तेव्हाच कळलं होतं. मग मला का सांगितलं नाहीस असं विचारलं, तर म्हणाली की त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचीच तिला लाज वाटते. गाडीवाल्या बाईंकडेच ती स्कूटर शिकली. पहिल्यांदा एकटी बाजारात जाऊन आली तेव्हा घरात आल्यावर उगाचच सगळे दिवे लावले होते तिने. आता स्कूटर काढते ती मागच्या गल्लीने, मुख्य रस्त्यावर कुणी मालकांची बायको म्हणून बघू नये यासाठी. मीही हल्ली मागच्या गल्लीनेच जातो. ती माझ्यामुळे, मी कुलपामुळे. काल समोरासमोर आलो तर दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

तू म्हणशील, मग कुलूप काढ की. काढणार आहे. पण बिल्डर परत येणार आहे आणि त्याने फाटक उघडं बघितलं तर काय समजेल? शिवाय मालकानेच लावलेलं कुलूप मालकानेच काढायचं म्हणजे डेपोपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. पेपरवाल्याबरोबर मी बाईंना निरोप पाठवला आहे की गाडी घेऊन जा. आपल्याकडून तेवढं केलं. लिहिताना वाचून बघितलं तर हेही तोकडंच वाटतंय, पण खोडत नाही.

सहीचं मात्र आता लांबवू नकोस. बिल्डर दुसरी जागा बघायला लागला आहे. उद्या हा गेला तर माझी जागा अशीच पडून राहील. इतकी वर्षं तिची राखण मी केली, तिचे हेलपाटे मी घातले. माझ्या जागेचं काय करायचं ते मला ठरवता येऊ नये का?

तू रागावशील. रागाव, पण सही पाठव. लोभ आहेच, तो काही कुठे जात नाही.

तुझा,
चिमण


२ फेब्रुवारी

मा. मालक यांस,
सविनय नमस्कार.

पेपरवाल्यांबरोबर आपला निरोप मिळाला. गाडी घेऊन जायला आपण परवानगी दिलीत, आभारी आहे. त्याप्रमाणे मी येऊन गेले, पण फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे ठेवली आहे ते कळलं नाही. आपल्या घरी येऊन मागायचा धीर झाला नाही. राग नसावा.

त्या दिवशी माझ्या बोलण्याने आपला अपमान झाला असेल तर माफ करावं. मी काय वावगं बोलले ते मला अजून उमगलेलं नाही. आपली जागा आपण मागितलीत, जागा आपलीच आहे एवढंच मी म्हणाले. इतकी वर्षं आपण ती वापरू दिलीत, दुसऱ्या कुणी दिली नसती. पण बायकांसमोर जे बोललात त्याने मन फार दुखावलं. त्या मला शिकवणाऱ्या बाई म्हणून मानतात. आता समोर बसल्या की माझ्याकडे बघत नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून. तेच जास्त लागतं.

गाडी नसल्यामुळे सध्या मी सगळ्यांना घरी बसवून रस्त्यावरच्या पाट्या आणि खुणा शिकवते. एकीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि तिला आठ अजून जमत नाही. खोलीत खडूने छोटा आठ काढून तिला त्यावरून चालायला लावते. तेवढंच जमण्यासारखं आहे. गाडी मिळाली तर बरं होईल.

आत येता आलं असतं तर चुन्याचा आठ मी स्वतःच खरवडून दिला असता. आपल्या जागेवर माझी खूण राहायला नको. बदामाच्या झाडांना उन्हाळ्यात पाणी लागतं. ती ठेवणार असाल तर कुणाला तरी सांगून ठेवावं.

आपली नम्र,
गाडी शिकवणारी


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत बाईंचं पत्र पाठवतो आहे. माझ्याकडे ठेववत नाही आणि फाडवतही नाही.

किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. गाडी घेऊन जा असा निरोप दिला आणि किल्ली खिशात घालून फिरत राहिलो. लक्षात आलं नाही असं म्हणणार होतो, पण तुला कशाला फसवू. मनात कुठेतरी असंही असेल की त्यांनी दाराशी येऊन मागावी.

पत्रात आपला, आपली, आपण किती ठिकाणी आहे बघ. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ मी. शेवटी सहीच्या वरसुद्धा आपली नम्र आहे. तुझ्या वहिनीने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता तोवर बरं वाटलं, मग तोही थांबला.

त्यांच्यापुढे कुठलं तोंड घेऊन जाऊ? माफी मागायची म्हणजे मला नक्की काय म्हणायचं आहे ते तरी माहीत हवं. शब्द समजला नाही, असं सांगू? जन्मभर जो शब्द मी फितीबरोबर वाटत फिरलो, तोच मला कळला नाही, असं?

तुझं उत्तर आल्याशिवाय काही सुचायचं नाही. सहीचं या पत्रात लिहीत नाही.

तुझा,
चिमण


१५ फेब्रुवारी

चि. चिमणास,
अनेक आशीर्वाद.

बाईंचं पत्र मी जपून ठेवलं आहे. इतकं सरळ पत्र बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं, तुझी धरून.

आता सहीबद्दल. मी सही करणार नाही.

त्या बाईंसाठी नाही, उगाच मला थोर करू नकोस. पहिल्या पत्रात तू लिहिलंस, जागा आपली. दुसऱ्या पत्रात ती माझी झाली, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तुझ्या लक्षातही आलं नसेल. माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. वाचलं आणि जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. बाईंना जे तू बायकांसमोर बोललास, तेच मला घरबसल्या टपालाने आलं, एवढंच. तुझे भाऊजी बोटाने त्या ओळीवर खूण करून माझ्याकडे बघत राहिले. भावाची बाजू कशी घ्यावी ते मला सुचलं नाही.

यात माझीही चूक आहे आणि ती लिहायला मला जड जातंय. जमिनीचा विषय निघाला की मला काही नको असं मी सगळ्यांत आधी म्हणायची. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. ते ऐकायला गोड लागायचं. मला हवं आहे, चिमण. गॅलरीत मशीन घेऊन बसते तेव्हा वाटतं, कुठेतरी एक कोपरा असावा जिथे मी अडचण नाही. तिथे जाऊन राहायचं नाही, काही बांधायचंही नाही. आहे, एवढंच. या वयात हे तोंडाने मागावं लागतं याची मला लाज वाटते, आणि इतकी वर्षं नको म्हणून मिरवलं याची त्याहून जास्त.

तेव्हा जागा आपली म्हणालास ना? मग ती आपलीच राहू दे, तुझी आणि माझी. बिल्डरला सांग, माझी बहिरी बहीण ऐकत नाही. ते खोटंही होणार नाही.

बाईंकडे तू स्वतः जा. निरोप नको, चिठ्ठी नको, वहिनींना पुढे घालणं तर अजिबात नको. काय बोलायचं ते सुचलं नाही तर बोलू नकोस, पण गाडी घेऊन जा. माझ्या वाट्याच्या जागेत त्यांनी हवं तेवढं शिकवावं, हेही सांग. तुझ्या वाट्याचं तू ठरव.

रागात लिहिलेलं नाही. पत्र बंद करताना तुझ्या नावावर नेहमीसारखा हात फिरवला आहे.

तुझी,
ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला काय उत्तर देऊ? ती ओळ मी पुन्हा जाऊन वाचू शकत नाही, ती तुझ्याकडे आहे, पण लिहिताना हात कसा चालला होता ते आठवतं. अगदी सहज चालला होता. खोटं लिहिताना माणूस निदान अडखळतो. बिल्डरला मी नकार कळवला, तुझं नाव पुढे न करता. तो म्हणाला की उगाच वेळ घालवला. खरंच होतं.

मग बाईंकडे गेलो. त्या पाण्याच्या टाकीपाशी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतात. गाडी घेऊन जा म्हणालीस, पण मला स्कूटर येत नाही हे फक्त तुला आणि तुझ्या वहिनीला ठाऊक. भागाला वाटतं मालक रुबाब म्हणून रिक्षाने फिरतात. कुलूप काढलं आणि ती जुनी गाडी ढकलत निघालो. पुढच्या चाकात हवा नव्हती. मागच्या गल्लीने जाता आलं असतं, पण म्हटलं आता मुख्य रस्त्यानेच. दवाखान्याच्या दारात कंपाउंडरने विचारलं की मालक, पेट्रोल संपलं का. फीत कापलेल्या प्रत्येक दुकानातून कुणी ना कुणी बाहेर आलं. दोघे मदतीला धावले, त्यांना नको म्हणालो. शिकाऊ वाहनाची लाल पाटी मागे लावलेली, आणि मी घामाघूम. ताई, बाबांच्या रानातून मी असा कधी चाललो नव्हतो.

बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकल्या. फरशीवर खडूचा आठ होता, त्यावर पाय पडू नये म्हणून मी पाय खुर्चीखाली घेऊन बसलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. चुकलं माझं, एवढंच म्हणालो. तुम्ही देत होता ते मी हिसकावून घेतलं, असंही काहीसं म्हणालो. तुझा निरोप सांगितला आणि माझा वाटाही त्यातच धरा म्हणालो. ती परीक्षेची मुलगी आठावर नापास झाली, हे तिथेच कळलं. बाई रागावल्या नाहीत. चहा केला. मग म्हणाल्या की जागा आपलीच आहे, मालक.

तू सांगितलं होतंस म्हणून मी लगेच हात बघितले. दोन्ही हातांत कपबशी होती. आपली म्हणजे कुठली, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक सताड उघडून ठेवलं. पाटी आदल्या दिवशीच उखडली होती, आठावर नवा चुना टाकला होता, बराच वाकडा. बाई आल्या. मागे शिकणाऱ्या बायका, त्यांच्यात ती नापास झालेली मुलगीही. फाटकापाशी बाईंनी गाडी बंद केली, खाली उतरल्या आणि मला विचारलं की मालक, गाडी आत घेऊ का.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो की विचारायचं काय त्यात. त्या बरं म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढच्या सकाळी पुन्हा गाडी बंद, पुन्हा तोच प्रश्न. मी हात जोडून सांगितलं की असं विचारू नका. त्या हो म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. टोमणा नाही त्यात, चेहरा बघितला मी. एकदा उठवलेला माणूस बसताना विचारतोच, तसं. पहिल्यांदा जागा दिली तेव्हा मी तीन शब्दांत देऊन टाकली होती. आता तेच तीन शब्द माझ्या तोंडून निघाले तर त्यांना त्यात काय ऐकू येईल ते मला माहीत आहे. म्हणून मी नुसतं हो, या, म्हणतो.

मधे दोन दिवस मला ताप होता. उठवेना. फाटक उघडंच होतं, कुलूप तर मी केव्हाच देऊन टाकलंय. तुझी वहिनी त्या बाजूने स्कूटरवरून चालली होती, हल्ली पुन्हा मुख्य रस्त्याने जाते. तिने येऊन सांगितलं की फाटक सताड उघडं आहे आणि सगळ्या बायका बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या आहेत, गाडी बंद करून. मालक अजून आले नाहीत म्हणून.

मी तापातच गेलो. हो, या, म्हणालो. आता रोज सकाळी जातो. लोक म्हणतात, मालक किती लक्ष घालतात. काय सांगू त्यांना?

तुझा कोपरा ठीक आहे. फाटकाकडून डावीकडची दोन्ही बदामाची झाडं तुझी, मी आजपासून त्यांना पाणी घालतो. एकदा येऊन बघून जा. मशीन घेऊन आलीस तरी सावली पुरेल.

आजवर मी पत्राच्या शेवटी ठोकून देत आलो की लोभ आहेच, तो मागावा लागत नाही. या खेपेला मागतो आहे. ठेवशील का?

तुझा,
चिमण